सातबाऱ्यावरचा कंस : पिढीजात शेतीच्या मान्यतेविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत. एका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेतीला शासनाकडून काही मान्यता मिळते का, आणि मिळायची असेल तर ते पिढीजातपण सिद्ध कसे करायचे, असे त्यांत विचारले आहे. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांनी विनंती केल्याने नावे वगळून केवळ तालुका दिला आहे.

प्रश्न : मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठी आमची साडेअकरा एकर जमीन आहे. माझ्या पणजोबांनी ती १९१८ च्या सुमारास खरेदी केली, असे वडील सांगत असत. आज माझा मुलगा, म्हणजे पाचवी पिढी, तीच जमीन कसतो. अमेरिकेत आयोवा राज्यात नोकरीला असलेल्या माझ्या पुतण्याने तिकडच्या एका शेताच्या फाटकावरील फलकाचे छायाचित्र पाठवले. ही शेती शंभर वर्षे एकाच कुटुंबाकडे असल्याचे राज्याने त्या फलकावर नमूद केले आहे. त्यानंतर पंधरा दिवसांतच तालुक्याच्या गावी एका इसमाने मला सांगितले की आपल्याकडेही असे वारसा प्रमाणपत्र मिळते, त्यासाठी पाच हजार रुपये आणि सातबारा द्यावा लागेल. हे खरे आहे का? आणि आमच्याजवळ खरेदीखत नाही, तर शंभर वर्षे सिद्ध कशी करायची?

उत्तर : प्रथम त्या इसमाविषयी. त्याला पैसे देऊ नका, आणि सातबाऱ्याबरोबर आधार कार्डाची प्रत किंवा कोऱ्या कागदावरची सही तर मुळीच देऊ नका. एखाद्या कुटुंबाने किती पिढ्या जमीन कसली या एकाच कसोटीवर दिला जाणारा शासकीय सन्मान महाराष्ट्रात आज नाही. कृषी विभागाचे पुरस्कार पुष्कळ आहेत : डॉ. पंजाबराव देशमुख कृषिरत्न, वसंतराव नाईक कृषिभूषण, जिजामाता कृषिभूषण, उद्यानपंडित, शेतीनिष्ठ शेतकरी. परंतु ते सर्व एका शेतकऱ्याच्या कर्तृत्वासाठी आहेत. चार पिढ्यांनी दुष्काळ सोसून जमीन हातची जाऊ दिली नाही, ही गोष्ट त्यांतल्या कोणत्याही अर्जाच्या रकान्यात बसत नाही. ही उणीव मला खटकते, आणि आपल्या पत्रातही तीच खंत जाणवते.

आपल्या पुतण्याने पाहिलेला फलक खरा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या कृषी संस्थेने १९३७ साली अशा शेतांचा सन्मान सुरू केला. टेक्सासच्या कृषी खात्याने १९७४ साली आणि आयोवाने १९७६ साली तशीच योजना आणली. आयोवात मूळ शेतापैकी किमान ४० एकर जमीन शंभर वर्षे त्याच कुटुंबाकडे असावी लागते. दीडशे वर्षे पूर्ण केलेल्या शेतांसाठी २००६ पासून वेगळा सन्मान आहे. युरोपात टायरोल प्रांतात तर ही मुदत दोनशे वर्षांची आहे. मात्र या अमेरिकी योजनांतून करात सवलत मिळत नाही, अनुदान मिळत नाही आणि जमिनीला कायद्याचे संरक्षणही लाभत नाही. राज्याच्या जत्रेत कुटुंबाला बोलावून प्रमाणपत्र देतात आणि फाटकावर फलक लागतो, इतकाच तो मान आहे. तरीही लोक त्यासाठी आजोबा-पणजोबांचे कागद वर्षभर शोधत बसतात.

तिकडे हे कागद शोधणे तुलनेने सोपे जाते, कारण बहुतेक शेतांचा पहिला कागद सरकारनेच दिलेला असतो. १८६२ च्या कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर जमीन नावावर करून मिळत होती. त्या कागदाच्या आधी तिथे कोण होते, हे फलकावर लिहिलेले नसते. ज्या आयोवा लोकांचे नाव त्या राज्याला मिळाले, त्यांच्या हातून ती जमीन त्याआधीच गेली होती. आपल्याकडे अशी मान्यता कधी आली, तर ही बाजू आपण आधीच लक्षात घेतलेली बरी. खालच्या काही पत्रांत तिचा संबंध येईल.

आता पुराव्याविषयी. खरेदीखत हरवले असले तरी वाट बंद झालेली नाही. नोंदणी अधिनियम १९०८ चा आहे. १९१८ चे खरेदीखत नोंदवलेले असेल, तर नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक २ मध्ये त्याची नोंद सापडू शकते, आणि त्यासाठी शोध शुल्क भरून रीतसर अर्ज करावा लागतो. तोपर्यंत आपल्या हातात असलेल्या सातबाऱ्यापासून उलटे चालायला लागा. खातेदाराच्या नावाजवळ जो फेरफार क्रमांक असतो, तो त्या नावाचा दाखला आहे. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधील ती नोंद, काढली की त्यात आधीच्या धारकाचे नाव, मृत्यूची तारीख आणि वारस सापडतात. त्या आधीच्या धारकाच्या नावाला पुन्हा त्याचा स्वतःचा फेरफार असतो. असे एकेक पाऊल मागे जायचे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला आणि १९१३ साली तो जमीन महसूल कायद्यात मिळवला गेला. त्यामुळे आपल्या गावच्या फेरफार नोंदवहीची पहिली पाने आपल्या पणजोबांच्या काळातलीच असण्याचा चांगला संभव आहे.

वाटेत एक अडथळा नक्की येईल. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्याखाली गावोगाव योजना राबवली गेली, तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आपला आजचा गट जुन्या कोणत्या सर्व्हे नंबरांतून तयार झाला, हे उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातील एकत्रीकरणाच्या जबाबावरून कळते. तो जबाब हाती नसताना जुने कागद मागितले, तर भलत्याच शेताचे कागद हाती येतात आणि माणूस निराश होऊन घरी परततो. क्षेत्राचे आकडेही जुळत नाहीत असे वाटेल, कारण जुने कागद एकर-गुंठ्यांत आणि नवे हेक्टर-आरमध्ये आहेत. ४० गुंठ्यांचा एक एकर आणि सुमारे अडीच एकरांचा एक हेक्टर, एवढे लक्षात ठेवून आकडेमोड केली की मेळ बसतो.

मी महसूल दफ्तरात अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून एक पान जसे पाहिले तसे सांगतो. जुन्या फेरफार नोंदवहीचा कागद तपकिरी होऊन कडेला भुगा होत आलेला असतो. तलाठ्याची नोंद शाईने केलेली असते आणि खाली सर्कलच्या सहीपुढे तारीख असते. एका पानावर एका शेतकऱ्याचे नाव होते आणि त्याला कंस केलेला होता. धारक मेला किंवा हक्क संपला की जुन्या नावाला कंस करतात आणि खाली नवे नाव लिहितात. कंसाखाली एका पाच वर्षांच्या मुलाचे नाव होते आणि त्यापुढे ‘अ.पा.क. आई’ एवढेच लिहिले होते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ती. मुलगा सज्ञान होईपर्यंत ती जमीन त्या बाईने राखली होती, आणि तिचे स्वतःचे नावही त्या पानावर नव्हते. आपल्या कागदांत अशी जागा आली, तर ती साखळीतली तूट समजू नका. तसेच ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे दिसली, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे असे समजावे. थोरल्याच्या एका नावामागे तेव्हा सगळे भाऊ होते.

मृत्यूच्या तारखांसाठी गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ते पाहावे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी ही बुके अनेक ठिकाणी बाहेर निघाली आहेत, तेव्हा तहसीलच्या अभिलेख कक्षात ती मागणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. या साऱ्या नकला साक्षांकित करून घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार हक्कनोंदीतील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. मात्र केवळ नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हेही न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. तेव्हा शंभर वर्षांचा संच हा कुटुंबाच्या इतिहासाचा भक्कम पुरावा आहे, पण भावकीतल्या वादाचा निकाल त्याने लागणार नाही.

आपल्या पुतण्याला एक गोष्ट अवश्य सांगा. आयोवाची ४० एकरांची अट इथे लावली, तर सोलापूर जिल्ह्यातली जवळजवळ सगळी कुटुंबे पहिल्याच दिवशी बाद होतील. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. जमीन कुणी विकली म्हणून नव्हे, तर दर पिढीला भावाभावांत खातेफोड झाली म्हणून तुकडा लहान होत गेला. आपल्या साडेअकरा एकरांच्या शेजारी आपल्या चुलतभावांचीही तेवढीच जमीन असेल आणि तीही त्याच पणजोबांची असेल. मला विचाराल तर महाराष्ट्राने अशी मान्यता द्यावी, पण तिला क्षेत्राची अट नसावी, आणि ती एका खात्याला न देता एका पणजोबांच्या सगळ्या शाखांना एकत्र द्यावी.

शासन काही ठरवीपर्यंत आपण थांबू नये, असे मला वाटते. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. पुढच्या ग्रामसभेत आपल्या नकलांचा संच ठेवा, गावातील शंभर वर्षांहून जुन्या शेतीची नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवण्याचा ठराव मांडा आणि पहिले पान आपले असू द्या. त्याला कोणाला पाच हजार द्यावे लागत नाहीत.

प्रश्न : आमचे गाव अक्कलकोट तालुक्यात आहे. घरातल्या पेटीत सात-आठ जुने कागद आहेत, पण अक्षर वाचता येत नाही. एक जण म्हणाला की अक्कलकोट संस्थान होते, त्यामुळे तिथले जुने कागद सरकारदरबारी चालत नाहीत.

उत्तर : चालत नाहीत हे म्हणणे चुकीचे आहे. अक्कलकोट संस्थान १९४८ साली विलीन झाले. संस्थानी काळातील कागद हे त्या काळच्या वहिवाटीचे पुरावेच आहेत; फक्त ते आजच्या गट नंबराशी जोडून दाखवावे लागतात. कागद बहुधा मोडीत असतील आणि काही कानडीतही असू शकतील. मोडी वाचणारी प्रशिक्षित माणसे आता जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात, कारण शासनाच्या पुराभिलेख विभागाकडून मोडीचे वर्ग घेतले जातात. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नका, प्रती द्या. आणि कागदांना चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकच्या आवरणात कायमचे बंदही करू नका. सुती कापडात सपाट गुंडाळून कोरड्या जागी ठेवले, तर ते आपल्या नातवंडांच्या हाती शाबूत पोहोचतील.

प्रश्न : करमाळा तालुक्यातील आमची बागायत उजनीच्या पाण्याखाली गेली. वडिलांना पर्यायी जमीन मिळाली आणि तीच आम्ही आज कसतो. आजोबांच्या आजोबांपासूनची शेती असूनही ‘तीच जमीन’ आता दाखवता येत नाही. आमच्यासारख्यांची पिढी कुठून मोजायची?

उत्तर : आपले पत्र वाचून मी बराच वेळ थांबलो. पाणी आटते त्या उन्हाळ्यात पळसदेवाचे जुने देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला जातात. त्याच गाळात कोणाचे तरी बांध आणि कोणाची तरी विहीरही असते, ही गोष्ट आपण सगळेच विसरतो. १९८० साली धरण पूर्ण झाले. जिल्ह्याच्या मोठ्या भागात ऊस उभा आहे तो या पाण्यावर, आणि ज्यांची जमीन या पाण्याखाली गेली त्यांच्या पिढ्यांच्या मोजणीत मात्र आपण खंड पडला असे म्हणायचे, हे न्यायाला धरून नाही.

अमेरिकेतील बहुतेक योजनांत तीच जमीन किंवा तिचा काही भाग असावा लागतो. आपल्याकडे नियम करताना विस्थापितांसाठी स्पष्ट अपवाद ठेवायला हवा, आणि सोलापूर जिल्ह्याला तो मागण्याचा अधिकार सर्वांत अधिक आहे. पिढी मूळ जमिनीपासून मोजावी आणि पर्यायी जमीन ही तिचेच पुढचे पान मानावे.

पुराव्याच्या बाबतीत आपण मोहोळच्या वाचकांपेक्षा चांगल्या स्थितीत असू शकता. भूसंपादनाचा निवाडा, म्हणजे विशेष भूसंपादन अधिकाऱ्याने १८९४ च्या कायद्याखाली दिलेला लेखी निर्णय, मिळवा. त्यात जमिनीच्या क्षेत्राबरोबर विहीर, घर, गोठा आणि झाडे यांचे मूल्यांकन असते. चिंचा किती, आंबे किती, बांधावरची लिंबे किती, हे मोबदल्यासाठी मोजले गेले होते. शेत पाण्याखाली गेले तरी त्या यादीत ते जसेच्या तसे उभे आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर ती यादी वाचा आणि प्रत्येक झाड कोणी लावले ते विचारून शेजारी लिहून घ्या. पर्यायी जमिनीच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असा शेरा आहे का, तेही पाहा. असल्यास विक्री वा हस्तांतरणापूर्वी परवानगी लागते.

प्रश्न : आमचे आजोबा माढा तालुक्यात कुळाने शेती करत. जमीन आमच्या नावावर कुळकायद्याने झाली. जमीनदाराच्या घरचे लोक आता म्हणतात की शंभर वर्षांचा मान मिळायचा तर तो आम्हाला, तुम्ही तर १९५७ चे.

उत्तर : १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. १९४८ च्या कुळकायद्यानुसार त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले, किंमत ठरली आणि ती भरल्यावर ३२ म चे, म्हणजे त्या कायद्याच्या कलम ३२ म खालील खरेदीचे, प्रमाणपत्र मिळाले. मालकी त्या दिवसापासून धरली जाते, हे त्यांचे म्हणणे कायद्याने बरोबर आहे. पण घामाचा हिशेब त्या दिवसापासून सुरू होत नाही. सातबारा हे दोन नमुने आहेत : सातमध्ये जमीन कोणाची ते असते आणि बारामध्ये ती कोणी कसली ते असते. बाराच्या जुन्या पानांवर ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असा रकाना आहे. १९५७ पूर्वीची पीकपाहणी काढा. आपल्या आजोबांचे नाव त्या रकान्यात वर्षामागून वर्षे सापडले, तर पिढीजात शेतीचा त्याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. मान्यता देताना सात पाहायचे की बारा, हा प्रश्न कधी शासनापुढे आलाच, तर माझे मत बाराच्या बाजूने आहे. सालगडी म्हणून ज्यांनी आयुष्य काढले, त्यांचे नाव मात्र बारावरही नसते. त्यांच्यासाठी गावाच्या आठवणीखेरीज दुसरे दफ्तर नाही, आणि म्हणून ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत त्यांना जागा असावी असे मी आग्रहाने म्हणेन.

प्रश्न : मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आम्ही आजोबांपासून घरचेच ज्वारीचे बियाणे राखत आलो आहोत. त्याला काही मान्यता मिळते का?

उत्तर : आपल्या बाबतीत उत्तर ‘होय’ असे आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्या क्षेत्रातील शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेता येते. त्याखेरीज पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ हा कायदा आहे. शेतकऱ्याने राखलेले वाण त्याखाली नोंदवता येते आणि शेतकऱ्याला त्याचे शुल्क पडत नाही. पारंपरिक वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांना व गावांना याच कायद्याखालील प्राधिकरणातर्फे पुरस्कारही दिले जातात. अर्ज करण्यापूर्वी आपले बियाणे खरोखर वेगळे आहे का, हे तपासून घ्या. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतूनच निवडले गेले आणि नंतर सर्वत्र पसरले, त्यामुळे घरचे म्हणून राखलेले बियाणे पुष्कळदा तेच निघते. कणसाचा आकार, दाण्याचा रंग आणि ताटाची उंची यांची दोन हंगामांची टिपणे ठेवून सोलापूरच्या कृषी संशोधन केंद्रातील तज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मी सोलापूर शहरात राहते, माहेर बार्शी तालुक्यात आहे. माहेरची शेती शंभर वर्षांहून जुनी असल्याने भावाने विहिरीवर एक दगड बसवायचे ठरवले आहे. त्यावर पणजोबा, आजोबा, वडील आणि स्वतः भाऊ अशी चार नावे असतील. वडील २०११ साली गेले. वारसनोंदीत आम्हा तिघी बहिणींची नावे लागली होती, पण दोन वर्षांनी भावाच्या सांगण्यावरून आम्ही साध्या स्टॅम्पपेपरवर हक्क सोडल्याच्या सह्या केल्या आणि नावे कमी झाली. मला जमीन नको आहे. पण १९७२ च्या दुष्काळात वडील शेत विकायला निघाले, तेव्हा माझी आई दीड वर्ष खडी फोडायला गेली आणि तिने ते विकू दिले नाही. दगडावर तिचे नाव नाही. मी भावाशी भांडू का?

उत्तर : ताई, आधी कायद्याची बाजू सांगतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हक्कदार, झाली. त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. आपले वडील तर २००५ च्या दुरुस्तीनंतरही सुमारे सहा वर्षे हयात होते. स्थावर मिळकतीतील हक्क सोडण्याचा लेख नोंदणीकृत असावा लागतो. साध्या स्टॅम्पपेपरवरील सह्यांनी हक्क सुटत नाही. त्या लेखावरून मंजूर झालेल्या फेरफाराविरुद्ध प्रांत अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. उशीर झाला आहे, तो माफ करण्याचा अर्ज सोबत द्यावा लागेल आणि त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा. हक्क सोडायचाच असेल, तर तिघी बहिणींनी तो समजून-उमजून आणि नोंदणीकृत लेखाने सोडावा. भाऊबीजेच्या भिडेखातर सह्या करू नयेत.

आता दगडाविषयी. अमेरिकेतील शंभर वर्षांच्या शेतांच्या मोजणीत मुलीकडून किंवा नातीकडून चालत आलेली शेतीही धरली जाते, आणि आडनाव बदलले म्हणून साखळी तुटत नाही. आपल्याकडे चार पुरुषांची नावे लिहिली की साखळी पूर्ण झाली असे वाटते, कारण सातबाऱ्यावर कंसाखाली कंस तशीच नावे दिसतात. पण दर दोन कंसांच्या मध्ये जी वर्षे जातात, त्या वर्षांत शेत कोणी राखले हे दफ्तरात बहुधा लिहिलेले नसते. आपल्या आईचे दीड वर्ष अशाच दोन कंसांच्या मधले आहे. दुष्काळी कामावरची तिची हजेरी आज कुठल्या कार्यालयात सापडेल असे मला वाटत नाही. ती आपल्याला आणि आपल्या भावाला ठाऊक आहे, एवढाच पुरावा उरला आहे.

म्हणून भांडू नका, पण गप्पही राहू नका. वेळ अमावस्येला आपली सगळी भावकी शेतात जमत असेल. कोपीपुढे आंबील आणि भज्जीचा नैवेद्य झाल्यावर सगळे एकत्र जेवायला बसतात, तेव्हा ही गोष्ट काढा. भावालाच सांगू द्या, त्या वेळी तोही लहान होता आणि त्यालाही ते आठवत असेल. शेतीच्या हिश्शाचा विषय त्या दिवशी काढू नका, तो वेगळ्या दिवशी वेगळ्या कागदावर बोलता येईल. दगडावर जागा कमी पडत असेल, तर नावांची क्रमवारी बदलण्याची गरज नाही. वडिलांच्या नावाच्या ओळीतच आईचे नाव आणि त्यापुढे ‘१९७२’ एवढा आकडा बसतो.

दगड अजून पाथरवटाकडेच असेल, तर आजच भावाला फोन करा आणि अक्षरे कोरण्याचे काम आठ दिवस थांबवायला सांगा.